गणवेशाचा नियम आणि वर्गाचे दार

शाळेचा गणवेश महाराष्ट्रात इतका रुळला आहे की तो असावा की नसावा, यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो तीन बाबींवर: गणवेश कोणी ठरवायचा, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि तो अंगावर नसेल तर मुलाशी कसे वागायचे. गेल्या काही वर्षांत या तिन्ही बाबी एकामागून एक ऐरणीवर आल्या. राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना आणली आणि एका शैक्षणिक वर्षाच्या अनुभवानंतर तिची दिशा बदलली. मुंबईतील एका महाविद्यालयाने हिजाब आणि टोपीवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. खासगी शाळांच्या महागड्या गणवेशाबद्दल पालकांची नाराजी तर दर जूनमध्ये नव्याने ऐकू येते. या सगळ्याचा विचार करताना गणवेश आणि गणवेशाची सक्ती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. गणवेशाचे फायदे बरेच आहेत. सक्तीची किंमत मात्र बहुतेक वेळा वर्गातल्या सर्वांत गरीब मुलाला मोजावी लागते.

धर्मादाय कपड्यापासून शाळेच्या ओळखीपर्यंत

शालेय गणवेशाचा सर्वांत जुना ठळक दाखला इंग्लंडमधील ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ या शाळेचा मानला जातो. सोळाव्या शतकात, १५५२ मध्ये लंडनमधील गरीब आणि अनाथ मुलांसाठी ही संस्था स्थापन झाली. मुलांना निळ्या रंगाचा लांब झगा दिला जाई. हा पोशाख दानाची खूण होता. तो पाहून मूल धर्मादाय शाळेतले आहे हे कळत असे. पुढे इंग्लंडमधील उच्चभ्रू निवासी शाळांनीही स्वतःचे पोशाख ठरवले आणि गणवेश प्रतिष्ठेचा झाला. गरिबीची खूण आणि श्रीमंतीची खूण अशी दोन्ही कामे गणवेशाने केली आहेत. त्यामुळे गणवेश आपोआप समता आणतो, असे त्याच्या इतिहासावरून म्हणता येत नाही.

भारतात ही पद्धत मिशनरी शाळा आणि इंग्रजी निवासी शाळांमधून आली. एकोणिसाव्या शतकातील मराठी शाळांत मुले घरचेच कपडे घालून येत. धोतर, सदरा, उपरणे आणि डोक्यावरची पगडी, पागोटे किंवा टोपी यांवरून मुलाची जात आणि घरची सांपत्तिक स्थिती सहज ओळखू येई. विसाव्या शतकात बहुजन समाजातील मुले मोठ्या संख्येने शाळेत येऊ लागली, तेव्हा ही ओळख पुसणे हे शिक्षणाचेच काम ठरले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. एका छपराखाली राहणे, एका पंगतीत जेवणे आणि साधे कपडे वापरणे ही त्या काळात सामाजिक क्रांती होती. महाराष्ट्रात गणवेशाला जो मान आहे, त्याची मुळे या समतेच्या विचारात आहेत.

स्वातंत्र्यानंतर पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी हा मुलांचा, तर पांढरा ब्लाउज आणि निळा स्कर्ट हा मुलींचा पोशाख राज्यभरातील सरकारी आणि अनुदानित शाळांत दिसू लागला. दोन वेण्या आणि त्यांना बांधलेल्या लाल रिबिनी हाही अनेक शाळांत नियमच होता. कापड कुठल्याही दुकानातून घ्यावे, गावच्या शिंप्याकडून वाढत्या मापाचे शिवून घ्यावे आणि मोठ्या भावंडाचे धाकट्याने वापरावे, अशी ही व्यवस्था होती. या गणवेशाची खरी ताकद त्याच्या साधेपणात होती. तो कोणत्याही बाजारात मिळे आणि कोणालाही शिवता येई.

पैसे खात्यात, की कापड हातात?

सर्व शिक्षा अभियानात आणि २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत गणवेश देण्याची तरतूद आहे. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील सर्व मुली, तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांना दरवर्षी दोन गणवेश द्यायचे. त्यासाठी सुरुवातीला प्रति विद्यार्थी ४०० रुपये मिळत, पुढे ही रक्कम ६०० रुपये झाली. म्हणजे एका गणवेशाला कापड आणि शिलाई मिळून ३०० रुपये.

या रचनेत एक उणीव पहिल्यापासून होती. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला गणवेश मिळे आणि दुसऱ्याला मिळत नसे, कारण दुसऱ्याच्या घरी दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला नसे. ग्रामीण भागात असा दाखला नसलेली कुटुंबेही अनेकदा तितकीच गरीब असतात. हा भेद मिटवण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०२३-२४ पासून उरलेल्या मुलग्यांनाही राज्याच्या निधीतून गणवेश देण्याचा निर्णय घेतला. सोबत बूट आणि पायमोजेही देण्याचे ठरले. गणवेशाच्या साऱ्या वादात हा निर्णय सर्वांत मोलाचा आहे, पण त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

गणवेश मुलापर्यंत पोहोचवायचा कसा, यावर मात्र राज्याने वेगवेगळे प्रयोग केले. २०१७-१८ मध्ये पैसे थेट विद्यार्थी आणि आई यांच्या संयुक्त बँक खात्यात जमा करण्याचे धोरण आले. मधल्या हातांची गळती थांबावी, हा हेतू चांगला होता. पण खाते उघडण्यासाठी लागणारी कागदपत्रे, किमान शिल्लक आणि बँकेचे हेलपाटे यांचा खर्च काही घरांत गणवेशाच्या रकमेच्या घरात जाऊ लागला. त्यातच पालकांनी आधी गणवेश विकत घ्यायचा आणि पावती दाखवल्यावर पैसे मिळायचे, अशी पद्धत होती. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे नाहीत, त्याच्यासाठीच ही योजना होती, हे रचना करताना लक्षात घेतले गेले नाही. पुढच्याच वर्षी हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले.

‘एक राज्य, एक गणवेश’

शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी २०२३ च्या उन्हाळ्यात राज्यभर एकच गणवेश देण्याची घोषणा केली. त्यामागे सरकारची भूमिका अशी होती की प्रत्येक समिती स्वतंत्रपणे खरेदी करते, त्यामुळे कापडाचा दर्जा कमी-जास्त होतो; एकत्र खरेदी केली तर चांगले कापड कमी दरात मिळेल आणि सर्व सरकारी शाळांना एक ओळख लाभेल. मात्र घोषणा होईपर्यंत अनेक समित्यांनी त्या वर्षीचे गणवेश ठरवले होते. त्यामुळे २०२३-२४ मध्ये तडजोड म्हणून शाळेचा गणवेशही कायम राहिला.

२०२४-२५ मध्ये योजना पूर्ण स्वरूपात सुरू झाली. नियमित गणवेश आकाशी आणि गडद निळ्या रंगाचा, तर दुसरा स्काउट-गाइडच्या धर्तीचा ठरला. कापडाची खरेदी राज्य पातळीवर महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आणि नियमित गणवेशाच्या शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे ‘माविम’च्या बचत गटांकडे देण्यात आले. चाळीस लाखांहून अधिक मुलांसाठी हे काम होते. खेड्यातील महिलांना घराजवळ रोजगार मिळेल, हा विचार स्वागतार्ह होता. पण एका गणवेशाची शिलाई आणि किरकोळ खर्च मिळून ११० रुपये इतकाच दर ठरला. पँट आणि शर्ट शिवण्याचा बाजारातला दर याच्या कितीतरी वर आहे. अनेक गटांना हा दर परवडेना. हातात असलेली शिलाई यंत्रे, वेळ आणि मागणी यांचा मेळ बसेना.

परिणाम सर्वांसमोर आहे. जूनच्या मध्याला शाळा भरल्या आणि स्वातंत्र्यदिन उलटून गेला, तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते. जिथे पोहोचले, तिथून मापांच्या तक्रारी आल्या. कुणाला बाह्या लांब, कुणाला कंबर घट्ट, कुणाची शिवण पहिल्या धुण्यातच उसवलेली. सहावीतली सगळी मुले एकाच अंगापिंडाची नसतात. इयत्तेवरून माप ठरवले की असे होणारच. गावातला शिंपी मुलाच्या अंगावर टेप लावून माप घेतो आणि पुढच्या वर्षासाठी दोन बोटे कापड आत दुमडून ठेवतो. मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात ही सोय उरली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नवे सरकार आल्यावर हा निर्णय बदलण्यात आला. २०२५-२६ पासून गणवेशाचा रंग आणि नमुना ठरवण्याचे, तसेच तो शिवून घेण्याचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना मिळाले आणि निधीही त्यांच्याकडे देण्याचे ठरले. स्काउट-गाइड पथक असलेल्या शाळांत दोनपैकी एक गणवेश त्या पद्धतीचा ठेवण्याची मुभा राहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. ज्यांची मुले तो कपडा घालणार, त्यांच्याच हाती त्याची निवड असणे हे तत्त्व योग्य आहे. मात्र त्यासाठी निधी जूनच्या आधी समितीच्या खात्यात पोहोचायला हवा. तो ऑगस्टमध्ये आला, तर अधिकार कागदावर राहतो.

इनामगाव परिसरातून पाहिले तर

हा प्रश्न गावपातळीवर कसा दिसतो, हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागावरून चांगले समजते. शिरूर-दौंड पट्ट्यातील इनामगाव हे घोड नदीकाठचे गाव पुरातत्त्वात जगप्रसिद्ध आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन करून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्ती उजेडात आणली. आजही हा मुलूख शेतीचाच आहे. कालवा आणि नदीचे पाणी मिळाले तिथे ऊस आहे, न मिळाले तिथे कोरडवाहू शेती आहे. जवळच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे.

अशा पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत साधारण तीन प्रकारच्या घरांतली मुले येतात. पहिली स्थानिक शेतकरी आणि शेतमजुरांची. दुसरी कारखान्यांत कामाला आलेल्या, अनेकदा परप्रांतीय कुटुंबांची. तिसरी ऊसतोड मजुरांची. अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर दुष्काळी भागांतून ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास येतात, फडाजवळ कोपी उभारून राहतात आणि हंगाम संपला की परततात. त्यांच्या मुलांचे नाव मूळ गावच्या शाळेत असते आणि गणवेशाचा निधीही तिथेच मिळालेला असतो. स्थलांतरित मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. कार्ड दाखवले की नव्या गावच्या शाळेने मुलाला वर्गात बसवून घ्यायचे असते.

असे मूल नोव्हेंबरमध्ये नव्या शाळेत येते, तेव्हा त्याच्या अंगावर वेगळ्याच रंगाचा, बहुधा विटलेला गणवेश असतो, किंवा तोही नसतो. प्रत्येक शाळेचा गणवेश निराळा असला की हे मूल पहिल्या दिवशीच वेगळे दिसते. राज्यभर एकच गणवेश असण्याच्या बाजूने हा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. पण त्यावरचा सोपा मार्ग शाळेच्याच हाती आहे: स्थलांतरित मुलाला गणवेशाच्या नियमातून पूर्ण सूट द्यायची आणि शक्य असेल तर शाळेत जपून ठेवलेला जादा गणवेश द्यायचा. कडक नियम असेल तिथे नेमके हेच मूल आधी गळते. पाच-सहा महिन्यांसाठी आलेल्या मजुराला नवा गणवेश शिवणे परवडत नाही. मग मुलगा फडावर बैल सांभाळतो आणि मुलगी कोपीत धाकट्या भावंडाला.

कापडाचाही प्रश्न आहे. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये इथे कडक ऊन पडते. टिकाऊ आणि इस्त्रीविना चालणारे म्हणून टेरिकॉट किंवा पॉलिस्टर मिश्रित कापड निवडले जाते, पण ते घाम शोषत नाही. त्यावर गळ्याशी टाय आणि पायात बंद बूट असा पोशाख पत्र्याच्या छताखाली बसलेल्या मुलांसाठी त्रासदायक ठरतो. इंग्रजी शाळांचे अनुकरण म्हणून टाय आणला जातो. आपल्या हवामानात त्याला काहीच आधार नाही.

खासगी शाळा आणि पालकांचा खिसा

सरकारी शाळेत प्रश्न निधी वेळेवर न मिळण्याचा असतो, तर खासगी शाळेत तो खर्चावर मर्यादा नसण्याचा. रोजचा गणवेश, खेळाच्या तासाचा वेगळा, आठवड्यातून एकदा ‘हाउस’च्या रंगाचा टी-शर्ट, हिवाळ्यात ब्लेझर, काळे बूट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट असा संच होतो. त्यावर शाळेचे बोधचिन्ह छापलेले असल्याने तो ठरावीक दुकानातूनच घ्यावा लागतो. विशिष्ट दुकानातून खरेदीची सक्ती करू नये, अशा सूचना राज्याच्या शिक्षण विभागाने वेळोवेळी दिल्या आहेत. पण बोधचिन्ह असलेले कापड दुसरीकडे मिळतच नसेल, तर तोंडी सक्तीची गरजच राहत नाही.

या बाबतीत इतर ठिकाणचे कायदे पाहण्यासारखे आहेत. उत्तर प्रदेशाने २०१८ मध्ये खासगी शाळांच्या शुल्कासाठी केलेल्या कायद्यात सलग पाच वर्षे गणवेश बदलू नये आणि ठरावीक दुकानातून खरेदीची सक्ती करू नये, अशी तरतूद केली. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चाविषयी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार शाळांनी बोधचिन्ह असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवाव्यात आणि साधे कपडे कुठूनही घेता यावेत, असे मार्गदर्शन बंधनकारक झाले.

महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत प्रवेश मिळालेल्या मुलांपुढे हा प्रश्न अधिक तीव्र आहे. केंद्राच्या नमुना नियमांनुसार या मुलांनाही पुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात हा खर्च पालकांच्या माथी पडल्याच्या तक्रारी सातत्याने येतात. शुल्क माफ झाले आणि गणवेशात घरचे बजेट कोलमडले, तर माफीचा उद्देशच हरवतो.

मुलींचा गणवेश

गणवेशाचे नियम मुलींच्या वाट्याला अधिक बारकाईने येतात. स्कर्टची लांबी, ओढणीच्या पिना, वेण्यांची संख्या, बांगड्या, कानातले, नखे, मेंदी या सगळ्यांवर नजर असते. ग्रामीण भागात मुली माध्यमिक शाळेसाठी काही किलोमीटर सायकल चालवत किंवा एसटीने जातात. सायकलवर स्कर्ट गैरसोयीचा असतो आणि उडणारी ओढणी चाकात अडकण्याचा धोका असतो. कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या सरावातही हीच अडचण येते. मोठ्या मुलींना पांढरी सलवार देणाऱ्या शाळा अजूनही आहेत. मासिक पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्याची भीती हे मुलींच्या गैरहजेरीचे एक कारण ठरते. सलवारीचा रंग गडद करायला शाळेला एक पैसाही जादा लागत नाही.

केरळमध्ये या दिशेने ठोस प्रयोग झाले. एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुलगे आणि मुली दोघांसाठी शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी चड्डी असा समान गणवेश सुरू केला. डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातील बालुश्शेरीच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेने शर्ट-पँट स्वीकारली. काही संघटनांनी विरोध केला आणि पुढच्या वर्षी राज्य सरकारने असा गणवेश कुणावर लादणार नसल्याचे स्पष्ट केले. मुलींना सुटसुटीत पोशाखाचा पर्याय देणे आवश्यक आहे. एका सक्तीच्या जागी दुसरी सक्ती आणणे हा त्यावरचा उपाय होत नाही.

धर्माच्या खुणा आणि न्यायालये

गणवेशाचा वाद सर्वाधिक तापतो तो धर्माच्या खुणांवरून. कर्नाटकातील उडुपी येथे २०२१ च्या अखेरीस हिजाब घातलेल्या विद्यार्थिनींना वर्गात प्रवेश नाकारला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने गणवेशाविषयी आदेश काढला आणि १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्ता यांनी सरकारचा आदेश योग्य मानला. न्या. सुधांशू धुलिया यांनी तो अमान्य केला आणि मुलींचे शिक्षण हा त्यांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा होता.

महाराष्ट्रात चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी आणि बिल्ले यांना मनाई केली. नऊ विद्यार्थिनींनी त्याला आव्हान दिले. २६ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालण्यास मात्र मुभा दिली नाही. धर्माची ओळख दिसू नये, या महाविद्यालयाच्या युक्तिवादावर खंडपीठाने विचारले की मग टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का, आणि मुलांच्या नावांवरून धर्म कळत नाही का.

हा प्रश्न एकाच समाजाचा नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवत, वरवंड या गावांवरून पंढरीला जाते. या भागात वारकरी घरांतली मुले गळ्यात तुळशीची माळ घालून शाळेत येतात आणि माळ काढणे त्या घरांत निषिद्ध मानले जाते. शीख मुलाची पगडी, राखी पौर्णिमेनंतरची राखी, सणातली मेंदी, कपाळावरचा गंध ही सगळी याच प्रश्नाची रूपे आहेत. सणाच्या काळात राखी, टिळा किंवा मेंदीवरून मुलांना शिक्षा होऊ नये, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यांना कळवले होते.

जगात यावर दोन ठळक वाटा दिसतात. फ्रान्सने २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांवर बंदी घातली. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या एका मुलींच्या शाळेने तमिळ हिंदू विद्यार्थिनीच्या नाकातल्या चमकीला हरकत घेतली, तेव्हा तेथील घटनात्मक न्यायालयाने २००७ मध्ये विद्यार्थिनीच्या बाजूने निर्णय दिला. चमकीने शाळेची शिस्त बिघडत नाही आणि शाळेने वाजवी सवलत द्यायला हवी, असा त्याचा आशय होता. ज्या देशात घराघरांत माळ, टिकली, पगडी आणि हिजाब शेजारी शेजारी नांदतात, त्या देशाला दुसरी वाट अधिक जवळची आहे. गणवेशाचा रंग कायम ठेवून त्याच रंगाची ओढणी किंवा पगडी चालवणे हा अनेक शाळांनी शांतपणे स्वीकारलेला तोडगा आहे.

गणवेशाने शिस्त येते का?

कडक नियमांच्या बाजूने नेहमी शिस्त आणि अभ्यासातली प्रगती यांचा दाखला दिला जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीचच्या शाळांनी १९९४ मध्ये गणवेश सक्तीचा केला आणि गैरवर्तन घटल्याचे सांगितले. पण त्याच काळात तेथे इतरही सुधारणा झाल्या होत्या. डेव्हिड ब्रन्स्मा आणि केरी अॅन रॉकेमोर यांनी १९९८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील आकडेवारी तपासली, तेव्हा गणवेशाचा हजेरी, गैरवर्तन किंवा व्यसनांवर थेट परिणाम आढळला नाही.

मोफत गणवेशाबद्दलचा पुरावा मात्र वेगळे सांगतो. केनियात गरीब मुलांना गणवेश मोफत देऊन केलेल्या अभ्यासांत मुलांची गैरहजेरी कमी झाली, विशेषतः ज्यांच्याकडे आधी गणवेश नव्हता त्यांची. एस्थर दुफ्लो, पास्कलीन दुपा आणि मायकेल क्रेमर यांच्या २०१५ मधील संशोधनात मोफत गणवेश मिळालेल्या मुलींचे शाळा सोडण्याचे आणि लहान वयात आई होण्याचे प्रमाण घटलेले दिसले. तिथे शाळेत जायला गणवेश लागत होता आणि तो घेणे परवडत नव्हते. तो अडथळा दूर होताच मुले शाळेत आली. मुलांना शाळेत आणण्याचे काम गणवेश देण्याने झाले. गणवेश नसल्याच्या शिक्षेने असे काही साधल्याचा दाखला या अभ्यासांत नाही.

शिस्तीसाठी मोठ्यांच्या कपड्यांवरही नियम आले आहेत. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शिक्षकांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या आणि जीन्स, टी-शर्ट टाळण्यास सांगितले. शिक्षकाला त्याविरुद्ध बोलता येते, संघटनेमार्फत दाद मागता येते. दुसरीतल्या मुलाला यातले काहीही करता येत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत नियम करणाऱ्यांवर अधिक जबाबदारी येते.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा ठरेल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च मुलावर लादता येत नाही. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. गणवेश नाही म्हणून उन्हात उभे करणे, वर्गाबाहेर बसवणे, सर्वांसमोर केस कापणे, प्रार्थनेत रांगेतून वेगळे काढणे किंवा घरी पाठवणे या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. शाळेने गणवेश ठरवावा, त्याचा आग्रह धरावा, पालकांना समजावून सांगावे. तो नसल्याबद्दल मुलाचा वर्ग मात्र हिरावून घेऊ नये.

न्याय्य नियमाची रूपरेषा आता स्पष्ट आहे. गणवेश पालकांच्या बहुमतातील समितीने ठरवावा आणि निदान पाच वर्षे बदलू नये. कापड साधे, सुती किंवा सुती मिश्रित आणि कुठल्याही बाजारात मिळणारे असावे. बोधचिन्ह स्वतंत्र पट्टीवर असावे, म्हणजे ते कोणत्याही शर्टाला शिवता येईल. मुलींना पँट किंवा गडद सलवारीचा पर्याय असावा. धर्माच्या साध्या खुणांना मुभा असावी. स्थलांतरित मुलांना सूट असावी. शिलाईचा दर शिवणाऱ्या हातांना परवडणारा असावा आणि सरकारी निधी शाळा भरण्याआधी यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गणवेश नसलेल्या मुलाविषयी शिक्षकाने घरच्यांशी बोलावे आणि मुलाला त्या दिवशीचा धडा शिकवावा.

गणवेशामुळे एखादे मूल शाळेत येत असेल, तर तो ठेवावा आणि फुकट द्यावा. गणवेशामुळे एक जरी मूल शाळेबाहेर राहत असेल, तर बदल नियमात व्हायला हवा. पुढच्या जूनमध्ये गणवेश ठरवायला बसणाऱ्या प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने आणि संस्थाचालकांनी हीच कसोटी लावावी.